चुरियानाच्या पाटावर

चुरियाना दे ला वेगा हे स्पेनमधल्या ग्रानादा शहराला चिकटलेलं, आता नोकरदारांचं झालेलं गाव. इमारती, सुपरमार्केट, गाड्यांच्या रांगा, आणि त्यांच्या मागच्या भिंतींना लागून वाहणारा पाट. हेनील नदीवरून निघालेला हा आराबुलेइला पाट. वेगाच्या मैदानातली पाटांची व्यवस्था मुस्लिम राजवटीपासूनची आहे आणि शेतकरी अजून तिच्यावरच भिजवतात. पाणीवापर संस्थांसोबत काम करताना धुळे जिल्ह्यातल्या पांझरेकाठची फडपद्धत, म्हणजे बंधाऱ्यावरून पाट काढून शेतकऱ्यांनी मिळून पाणी वाटून घेण्याची जुनी रीत, मी जवळून पाहिली होती, म्हणून अभ्यासदौऱ्यात अल्हांब्राचा राजवाडा बाजूला ठेवून इथे यायचा हट्ट धरला.

पाटकरी साठीपलीकडचे. सोबत दुभाषी म्हणून एक विद्यार्थिनी. जूनचं ऊन चांगलंच तापलं होतं. बटाट्याच्या वावराशी ते थांबले, लोखंडी दार वर घेतलं, पुढच्या तोंडाशी फळी टाकली आणि फटीत फावड्याने चिखल थापला. तरी पाणी झिरपायला लागलं तेव्हा गवताचा पेंढा बुटाने दाबून बसवला. मग हात पुसून वही काढली: कुणाची पाळी, किती वाजता, किती वेळ. तेवढ्यात शेजारचा शेतकरी तावातावाने आला, पाणी उशिरा सुटलं म्हणून. दुभाषीने तोंड उघडायच्या आधीच मला सगळं कळलं. हे भांडण मी साक्री तालुक्यात कितीदा ऐकलंय!

पुढे तंबाखू वाळवायची जुनी शेडं लागली. हवा खेळावी म्हणून विटांत भोकं ठेवलेल्या उंच भिंती. तंबाखू आता जवळजवळ गेलाच. त्याआधी बीटाचा जोर होता. स्पेनमधल्या बीटापासून साखर काढणाऱ्या अगदी पहिल्या कारखान्यांपैकी एक 1882 साली याच मैदानात निघाला.

मी विचारलं, पाटाला काँक्रीटचं अस्तर का करत नाही? पाणी वाचेल. त्यांनी आधी काठावरचे पॉप्लर दाखवले, मग खालच्या अंगाची विहीर. सिएरा नेवादा डोंगरांवरचं बर्फ वितळतं तेव्हा पाटांना भरपूर पाणी असतं. पाटातून आणि वावरांतून मुरलेलं ते पाणीच मैदानाखालचा साठा भरतं. आपण ज्याला गळती म्हणून वजा करतो, त्यावर खालचे लोक पुढे उपसा करतात. हे मला पुस्तकातून माहीत होतं, पण त्या विहिरीच्या काठावर उभं राहिल्यावर ते पटलं.

आमच्याकडे अस्तरीकरणाच्या प्रस्तावात गळतीचा रकाना असतो, खालच्या विहिरींचा नसतो. तो घालावा अशी लेखी मागणी मी आल्याआल्या केली आहे. उत्तर यायचंय.