कोब्रा बघायला गेलो आणि आधी तिच्या खाली वाकलो

खरी एसी कोब्रा ही जुनी स्पोर्ट्स कार घेणं आपल्या आवाक्यातलं नाही. १९६२ साली अमेरिकेच्या कॅरोल शेल्बीने इंग्लंडच्या एसी कंपनीच्या ‘एस’ या छोट्या गाडीत फोर्डचं व्ही८ (आठ सिलिंडरचं) इंजिन बसवलं, तीच कोब्रा. त्या काळात अशा गाड्या सगळ्या मिळून हजारएक बनल्या असतील. उरलेल्या आता संग्राहकांकडे. म्हणून मी प्रतिकृती घ्यायची ठरवली. कॉव्हेंट्रीत राहत असल्याने एक सोय होती, अशा गाड्या बनवणारी छोटी वर्कशॉप्स ब्रिटनमध्ये बरीच आहेत.

पहिल्या ठिकाणी मालकाने निळी, पांढऱ्या पट्ट्यांची गाडी सुरू करून दाखवली. आवाज असा की चेकबुक आपोआप बाहेर यावं! म्हटलं, बंद करा आणि रॅम्पवर घ्या, खालून बघू. त्यांनी विषय बदलला. मीही चहा पिऊन निघालो.

दुसरीकडे उलट झालं. तिथे चकचकीत गाडी नव्हतीच. आत शिरताच रेझिनचा उग्र वास आला. एक जण बॉडीच्या साच्यात आधी फवारलेल्या जेलकोटवर (रेझिनचा बाहेरचा गुळगुळीत थर) काचतंतूंची चटई अंथरत होता आणि बारीक रोलरने तिच्यातली हवा काढत होता. बुडबुडा राहिला की पुढे उन्हात रंगाला फोड येतो, असं त्याने न विचारता सांगितलं. शेजारी नुसती चॅसी, म्हणजे गाडीचा सांगाडा, उभी होती. वेल्डिंगची रेघ कुठेही न तुटता गेलेली, सस्पेन्शनच्या ब्रॅकेटपाशी पत्रा दुहेरी. बॉडी सगळ्यांचीच सुंदर दिसते हो, पण वळणावर गाडी सांभाळते ती चॅसी.

मग कागदपत्रांचं बोलणं. स्वतः जुळवलेली गाडी रस्त्यावर आणायची तर इथे आयव्हीएची (इंडिव्हिज्युअल व्हेइकल अप्रूव्हल, म्हणजे एकेका गाडीची सरकारी मंजुरी) तपासणी लागते, २००९पासून. दिवे, ब्रेक, धूर, आवाज तर बघतातच, शिवाय बाहेरच्या कडाही. १०० मिलिमीटर व्यासाचा गोळा जिथे टेकतो तिथली कड किमान २.५ मिलिमीटर त्रिज्येने गोल हवी. कोब्राच्या चाकांवरचे ते देखणे, कान असलेले नट इथेच अडकतात. काही जण तपासणीपुरते साधे नट लावतात आणि पास झाल्यावर परत कानवाले. मला ते पटत नाही. साधेच ठेवणार.

‘तपासणीत काही राहिलं तर निस्तरायचं कुणी?’ हा प्रश्न मी सगळीकडे विचारला. बहुतेकांनी खांदे उडवले. चॅसीवाल्याने मात्र आधी नापास झालेल्या गाड्यांचे कागद समोर ठेवले, कुठे काय चुकलं होतं त्यासकट. चॅसी आणि बॉडीची आगाऊ रक्कम त्याच्याकडेच भरली. इंजिनाचं घोडं अजून अडलंय: रोव्हरचं ३.५ लिटर व्ही८ अॅल्युमिनियमचं, म्हणून हलकं. शेवरोलेचं नवं एलएस जोरदार, पण बजेट पार कोलमडतं. बहुधा रोव्हरच.