सांगेचा गांवकर, काणकोणचा गांवकर

शाळांच्या धावण्याच्या स्पर्धा बघायला जाऊ नये, ऐकायला जावं. बघायला म्हणाल तर फारसं काही दिसत नाही. उन्हात डोळे बारीक करून बसायचं. पलीकडच्या वळणावर सात-आठ पोरं पळताहेत, मधे पाण्याचा टँकर उभा, त्याच्याही अलीकडे कुणाची तरी आई छत्री उघडून उभी. फुटबॉलचं बरं असतं, चेंडू जाईल तिकडे डोळे जातात. ॲथलेटिक्समध्ये तिकडे गोळा पडतोय, इकडे लांब उडी चालू आहे, आणि तेवढ्यात चारशे मीटरची हीट, म्हणजे प्राथमिक फेरी, सुटते. हा सगळा पसारा कुणीतरी सांगावा लागतो.

आमच्याकडे गोव्यात तो सर सांगायचे. पेशाने पीटीचे शिक्षक. तालुक्याच्या स्पर्धा असोत की राज्याच्या, मैदान पेडेचं असो की बांबोळीचं, सकाळी सातला त्यांची स्कूटर मैदानावर हजर. डोक्यावर पांढरी टोपी, बुटांवर चुना. रेघा मारायला माणसं असायची, तरी सर एकदा स्वतः सगळ्या लेन चालून यायचेच. एक लेन १.२२ मीटर रुंद हवी, आणि तांबड्या मातीवर चुना टाकणाऱ्याचा हात वळणावर हमखास सैल पडतो असं त्यांचं म्हणणं. मग टेबलावर येऊन माइकला रुमाल गुंडाळायचा, खिशातून चेस्ट नंबरांची यादी काढायची आणि पहिलं वाक्य ठरलेलं: ‘‘शंभर मीटर मुलगे, फर्स्ट कॉल.’’

भाषा तीन. कॉल आणि निकाल इंग्रजीत. कौतुक करायचं असेल तर मराठी, तेही जरा नाटकी, कारण गावच्या जत्रेतल्या नाटकांत त्यांनी अनेक वर्षं सूत्रधार केला होता. आणि फायनल कॉल देऊनही पोर आलं नाही की कोकणी: ‘‘बेगीन येयात रे, बेगीन!’’ म्हणजे लवकर या. ती हाक ऐकून पातळ भाजीत पाव बुडवलेला तसाच टाकून पळत आलेली पोरं मी पाहिली आहेत.

पण सरांचं खरं कसब होतं नावांत. एका हीटमध्ये तीन गांवकर, दोन फर्नांडिस आणि एक नाईक ही आमच्याकडची नेहमीची मांडणी. नुसतं ‘गांवकर पुढे’ म्हटलं की तीन घरची माणसं एकदम उठून उभी राहणार आणि त्यातली दोन तोंड पाडून खाली बसणार. सर गाव जोडायचे. ‘‘वळणावर सांगेचा गांवकर पुढे, त्याच्या मागे काणकोणचा गांवकर, केप्याचा गांवकर बाहेरून येतोय.’’ फर्नांडिसांचंही तेच, कुंकळ्ळीचा वेगळा, कळंगुटचा वेगळा. ही माहिती यादीत नसायची. सकाळी पोरं नंबर लावत असताना सर त्यांच्यात फिरून विचारून घ्यायचे, ‘‘तू खंयचो रे?’’ आणि दुपारी तीन वाजता, ऊन डोक्यावर चढलेलं असताना, ते त्यांच्या लक्षात असायचं. आपल्या गावाचं नाव कर्ण्यातून ऐकल्यावर पोराचा पाय उचलतो का, हे कुठल्या शास्त्रात लिहिलंय मला माहीत नाही. बापाचा मात्र नक्की उचलतो. रेलिंगच्या बाजूने धावत सुटलेले बाप मोजायला वेगळा पंच नेमावा लागला असता.

लांब पल्ल्याच्या शर्यतीत पहिले तिघे आले की लोक ट्रॅक ओलांडायला लागतात. मागे एखादी मुलगी राहिलेली असते, अख्खा फेरा बाकी. सर तिला ‘शाब्बास, सोडू नकोस’ वगैरे म्हणत नसत. तसल्या शाब्बासकीने पोरं आणखी शरमतात असं त्यांना वाटायचं. ते रोखठोक सांगायचे, ‘‘ट्रॅक मोकळा करा. शर्यत संपलेली नाही. वाळपईची नाईक धावते आहे.’’ आणि ती पोचली की तिचं नाव, नंबर, वेळ, पहिलीचं सांगितलं होतं त्याच सुरात. मला हे फार आवडायचं. कौतुक नाही, दया नाही, नोंद.

माइकवर येण्याआधी सर स्टार्टर, म्हणजे पिस्तूल उडवून शर्यत सोडणारे, होते, आणि त्याआधी वेळ घेणारे. कधी माणसं कमी पडली की आम्हा पोरासोरांच्या हातात स्टॉपवॉच द्यायचे आणि शिकवणी सुरू. ‘‘कानांनी नाही, डोळ्यांनी दाबायचं. पिस्तुलाचा धूर दिसला की दाबा.’’ शंभर मीटरवर उभ्या असलेल्या माणसापर्यंत आवाज पोचायला सेकंदाचे जवळजवळ तीन दशांश लागतात. आवाज ऐकून घड्याळ चालू केलं तर तेवढी वेळ धावणाऱ्याला फुकटात मिळाली. चारशे मीटरला तर आणखी मौज. वळणांमुळे बाहेरच्या लेनची सुरुवात पुढे सरकवतात, त्यामुळे आठव्या लेनचं पोर पहिल्या लेनच्या सुमारे ५३ मीटर पुढे उभं असतं. स्टार्टर पहिल्या लेनला चिकटून उभा राहिला तर आठव्याला आवाज उशिरा ऐकू येणार. म्हणून सर आतल्या मैदानात अशी जागा शोधत फिरायचे, जिथून सगळे साधारण सारख्या अंतरावर येतील. आता मोठ्या स्पर्धांत प्रत्येक धावपटूच्या मागे स्पीकर असतो, तो प्रश्नच मिटला.

शेवटच्या रेषेवरच्या पंचांना त्यांची ताकीद वेगळी: तोंड बघायचं नाही, छाती बघायची. डोकं, हात, पाय काहीही आधी पोचो, धड रेषेवर आलं की पोचला. मग १९८४चं लॉस एंजेलिस यायचंच. पी. टी. उषा ४०० मीटर अडथळ्यांत चौथी, ५५.४२ सेकंद. तिसरी आलेली रुमानियाची कोजोकारू, ५५.४१. ‘‘एक शतांश!’’ सर दोन बोटांत चिमूट धरून दाखवायचे, जणू ते शतांश सेकंद तिथेच सापडलं होतं. ‘‘आणि तुम्ही इथे रेषेवर उभे राहून गप्पा मारता.’’

सगळ्यात जास्त मला आठवतं ते २०११चं. दक्षिण कोरियात देगूला जागतिक स्पर्धा होती आणि शंभर मीटरच्या अंतिम फेरीत उसेन बोल्ट पिस्तुलाआधी सुटला. आदल्या वर्षीच नियम बदलला होता. त्याआधी शर्यतीतली पहिली चूक माफ असायची, आता पहिल्याच चुकीला बाहेर. जगभर लोक बोल्टसाठी हळहळले. सर हळहळले स्टार्टरसाठी. ‘‘अरे, त्या माणसाच्या पोटात काय झालं असेल? सगळं स्टेडियम ज्याला बघायला आलंय, त्यालाच बाहेर काढायचं. काढलं ना पण!’’ नियम त्यांना पसंत नव्हता. पोरांना एकदा चुकायची मुभा हवी, दहा प्रकार खेळणाऱ्या डेकॅथलॉनवाल्यांना अजून देतात मग बाकीच्यांनी काय घोडं मारलंय, असं ते तावातावाने म्हणायचे. आणि दुसऱ्या दिवशी मैदानावर तोच नियम काटेकोर लावायचे.

तसे ते मिस्कील. एकदा कुणीतरी गाडी थेट लांब उडीच्या धावपट्टीच्या तोंडाशी आणून लावली होती. सरांनी माइक उचलला. ‘‘जीए शून्य तीन, पांढरी गाडी. आपण लांब उडीसाठी नाव दिलेलं नाही. कृपया बाजूला व्हावं.’’ मालक एक बडी असामी निघाली. कपाळाला आठ्या घालून आली, पण गाडी काढली.

२०२३ साली राष्ट्रीय क्रीडा स्पर्धा गोव्यात झाल्या तेव्हा बांबोळीला जाऊन बसलो. मोठा पडदा, कान फाटतील असं संगीत, अंतिम रेषेवर कॅमेरे. उद्घोषक चांगलाच तयारीचा होता, आकडे तोंडपाठ. तरी प्रत्येक शर्यतीत माझं चित्त खेळाडूंच्या राज्यांवरून घसरून गावांवर जायचं. हरियाणाची म्हणजे कुठली? केरळची ती, तिचं घर कुठे? सर असते तर सकाळीच जाऊन विचारून आले असते, खंयची गो तू म्हणून. त्यांना त्या स्पर्धा बघायला मिळाल्या नाहीत.

त्यांच्या शोकसभेला हॉल पुरला नाही. मधल्या वाटेत खुर्च्या मांडल्या, तरी माणसं दारात उभी. त्यात पांढऱ्या केसांचे, पोट सुटलेले कितीतरी एकेकाळचे धावपटू होते. एक वक्ते उभे राहिले आणि क्रीडाक्षेत्राच्या भरून न येणाऱ्या हानीपासून सुरुवात करून पायाभूत सुविधांवर घसरले. तिथून निधीवर. निधीवरून ते स्वतःच्या कार्यकाळावर आले तेव्हा मागच्या दारातून आवाज आला. पूर्वी पाच हजार मीटर धावणारा आणि आता कदंबच्या सरकारी बसवर ड्रायव्हर असलेला एक जण, अगदी सरांच्या सुरात, नाकातून: ‘‘फायनल कॉल! बेगीन येयात!’’

सगळ्यांत आधी सरांच्या पत्नी हसल्या, पदर तोंडाला लावून. मग सगळा हॉल. वक्त्यांनी त्यानंतरही दोन मिनिटं घेतली, पण दोनच.