कवटीचं ऑपरेशन आणि दिसणं : आधीच विचारा

"जीव वाचला ना, मग दिसण्याचं काय घेऊन बसलात" हे वाक्य, ज्यांच्या घरात कोणाचं कवटीचं ऑपरेशन झालंय त्यांनी ऐकलेलं असणारच. मला अजिबात पटत नाही ते. दिसण्याबद्दल विचारायचंच, आणि ऑपरेशनच्या आधीच विचारायचं, कारण पुढे माणूस कसा दिसणार यातलं बरंचसं टेबलावरच ठरतं.

माझ्या धाकट्या भावाचा ठाण्यात घोडबंदर रोडला बाइकचा अपघात झाला, मेंदूला सूज आली म्हणून डाव्या बाजूचं हाड काढून पोटाच्या चामडीखाली ठेवलं (काही हॉस्पिटलांत डीप फ्रीजरमध्ये ठेवतात). सूज उतरली आणि ती बाजू आत गेली. तरणाताठा पोरगा, टोपी घातल्याशिवाय गॅलरीत पण यायचा नाही, तलावपाळीला फिरायला चल म्हटलं तर गर्दी ओसरल्यावर जाऊ म्हणायचा. त्याला "दिसण्याचं काय एवढं" म्हणायला माझी तरी जीभ रेटली नाही.

हाड परत बसवायच्या ऑपरेशनला क्रॅनिओप्लास्टी म्हणतात, सूज उतरली असेल आणि इन्फेक्शन नसेल तर साधारण ३ ते ६ महिन्यांनी करतात. आणि हे नुसतं दिसण्यासाठी नसतं बरं का, मेंदूवर परत कवच येतं, शिवाय हाड नसताना काहींना उभं राहिलं की डोकं दुखतं, गरगरतं, ते पण बऱ्याचदा कमी होतं. स्वतःचं हाड असेल तर आकार आपलाच आणि खर्च पण कमी, पण ते विरघळू शकतं, लहान मुलांत तर जास्तच. भावाचं पोटातलंच कडेने झिजलेलं निघालं, म्हणून मग इम्प्लांट, म्हणजे हाडाच्या जागी बसवायचा बनवलेला तुकडा.

इथे मटेरियलची तीन नावं कानावर येतात. बोन सिमेंट, म्हणजे पीएमएमए, हे स्वस्तातलं, बऱ्याचदा टेबलावरच हाताने आकार देतात आणि घट्ट होताना ते चांगलंच तापतं म्हणून वर गार पाणी सोडत राहतात. मग टायटॅनियम हा धातू, आणि पीक नावाचं प्लास्टिक जे महाग असतं. पण दिसण्याच्या दृष्टीने मटेरियलपेक्षा आकार कसा काढला हे जास्त महत्त्वाचं, असं माझं मत झालंय. बारीक स्लाइसचा, म्हणजे पातळ थरांचा, सीटी स्कॅन काढून कॉम्प्युटरवर चांगली बाजू आरशासारखी उलटी करून घेतात आणि त्यावरून तुटलेल्या बाजूचा तुकडा बनवतात. सिमेंटच घ्यायचं असेल तरी थ्रीडी प्रिंटवरून आधी साचा करता येतो, परवडत नाही म्हणून गप्प बसू नका, विचारा. आम्ही खर्च बघून टायटॅनियम घेतलं, मापाचं बनवून.

आता सगळ्यात महत्त्वाचं, जे कोणी आपणहून सांगत नाही. कानशिलावर बोट ठेवून दात आवळून बघा, तिथे जो फुगतो तो चावायचा स्नायू, टेम्पोरॅलिस. कवटी उघडताना तो सोडवून बाजूला करावा लागतो, मग त्याचा रक्तपुरवठा बिघडला किंवा परत नीट वर बांधला गेला नाही तर तो सुकतो नाहीतर खाली घसरतो, आणि हाड अगदी परफेक्ट बसलं तरी डोळा आणि कानाच्या मधे कणकेत अंगठा दाबल्यासारखा खड्डा राहतो. म्हणून सर्जनला सरळ विचारायचं, "डॉक्टर, स्नायू परत कुठे बांधणार? इम्प्लांटला तिथे थोडी जास्त जाडी देता येईल का?" आमच्या डॉक्टरांना हे विचारल्याचा राग नाही आला, उलट त्यांनी कागदावर चित्र काढून दाखवलं.

भुवई वर उचलणारी नस पण कानशिलाजवळूनच जाते, तिला धक्का लागला तर एक भुवई उठत नाही, कधी काही महिन्यांत परत येते, कधी नाही. कपाळावर ड्रिलची भोकं पडणार असतील तर ती झाकायला टायटॅनियमच्या छोट्या चकत्या असतात, नाहीतर नंतर तिथे खळगे दिसतात. चिरा केसांच्या रेषेच्या मागे घेता येतो का ते बघा, नागमोडी घेतला तर ओल्या केसांत सरळ भांग पडल्यासारखा व्रण दिसत नाही. पूर्ण टक्कल करायलाच हवं असंही नाही, नुसत्या चिऱ्याच्या पट्टीपुरते केस काढून पण करतात, इन्फेक्शन त्याने वाढत नाही असं अभ्यासांतून दिसलंय. पण टक्कल पडत चाललेल्या माणसाचा हिशोब वेगळा, त्याने चिरा कुठे घ्यायचा ते आधीच बोलून घ्यावं.

शुगर कंट्रोलमध्ये ठेवणं आणि सिगरेट बंद करणं यावर वाद नकोच, जखम भरली नाही आणि इन्फेक्शन झालं तर बसवलेला तुकडा काढावा लागतो आणि सगळं पहिल्यापासून.

भावाच्या डोक्याचा आकार आता छान आलाय, कानशिलापाशी थोडं खोलगट आहे. तिथे पोटाची चरबी काढून भरता येते, काही चरबी शरीर शोषून घेतं म्हणून कधी कधी परत भरावी लागते. करायचं की नाही ते तोच ठरवेल, घाई नाही. तुमच्याकडे असं काही चालू असेल तर सीटीची सीडी जपून ठेवा, नुसते रिपोर्टचे कागद नाही, आणि अपघाताआधीचे समोरून आणि दोन्ही बाजूंनी काढलेले फोटो शोधून ओपीडीत घेऊन जा.