जानेवारीत मनाली ते सिस्सू: डिझेल, चेन आणि दुपारचे तीन

महाराष्ट्रातून स्वतःची डिझेल गाडी घेऊन अटल बोगद्यापलीकडच्या सिस्सूला जायचं तर माझी पहिली काळजी इंधनाची. आपल्याकडच्या साध्या डिझेलचं हिवाळी मानकसुद्धा 6 अंशांपर्यंतच फिल्टरमधून वाहण्याचं आहे. शून्याखाली त्यात मेण धरतं, फिल्टर चोंदतो आणि सकाळी गाडी फक्त स्टार्टर फिरवत बसते. गोठण रोखणारं अ‍ॅडिटिव्ह आदल्या संध्याकाळीच टाकीत घालावं लागतं. मेण धरल्यावर त्याचा उपयोग नाही. टाकीखाली शेकोटी पेटवण्याचा उद्योग करू नये. रात्री हँडब्रेक ओढत नाही, तो गोठून बसतो. गाडी सपाटीला, गिअरमध्ये, चाकाला दगड लावून. काचेवर गरम पाणी ओतलं की काच तडकते.

सोलंगपासून अटल बोगद्याच्या दक्षिण तोंडापर्यंतचा चढ हा खरा पेपर. 9.02 किलोमीटरच्या बोगद्यात रस्ता कोरडा, त्यामुळे बाहेर पडताना पाय बेफिकीर होतो. बीआरओचे (सीमा रस्ते संघटनेचे) डोझर बर्फ बाजूला सारतात, पण खाली दबलेला काचेसारखा थर उरतोच. त्यावर टाकलेली माती-वाळू पकड देते, बर्फ वितळवत नाही. चाकांनी ती कडेला उडते, नाहीतर नव्या बर्फाखाली गाडली जाते. मीठ वितळवतं, पण उणे 9-10 अंशांखाली त्याचा जोर ओसरतो. म्हणजे सकाळी पसरलेल्या वाळूवर संध्याकाळी भरवसा ठेवता येत नाही. दुपारी वितळलेलं पाणी ऊन डोंगराआड गेलं की पुन्हा गोठतं, आणि ओल्या डांबरासारखं दिसणारं हेच ब्लॅक आइस. मी दहानंतर निघतो, तीनच्या आत परतीला लागतो.

बर्फावर पकडीसाठी टायरवर चढवायची चेन इंजिन ज्या चाकांना फिरवतं त्यांना: स्विफ्ट, क्रेटाला पुढे, इनोव्हा क्रिस्टाला मागे. मापाची चेन घरीच एकदा लावून पाहावी, बोटं बधिर झाल्यावर शिकता येत नाही. आतला हुक आधी, मग बाहेरचा. शंभरेक मीटर चालवून पुन्हा ताणायची, कारण सैल चेन ब्रेकच्या पाइपला मारते. वेग 30च्या आत. कोरड्या रस्त्यावर काढायची, नाहीतर तुटते.

फोर बाय फोर, म्हणजे चारही चाकांना इंजिनचा जोर, गाडी चढवते. थांबवताना तीही चारच टायरांवर असते. उताराला दुसरा गिअर, गरज पडली तर पहिला, ब्रेक हलका. एबीएस (ब्रेक दाबल्यावर चाकं जाम होऊ न देणारी यंत्रणा) असेल तर पेडल थरथरलं तरी पाय उचलायचा नाही. घसरायला लागली तर अ‍ॅक्सिलरेटर सोडून जिकडे जायचं तिकडे स्टिअरिंग.

कोंडीत रांग मोडून पुढे घुसणाऱ्यांमुळे डोझर अडकतो, मग सगळेच रात्रभर तिथे. अशा वेळी हीटर चालवण्याआधी उतरून सायलेन्सरच्या तोंडाशी साचलेला बर्फ काढायचा आणि एक काच बोटभर उघडी ठेवायची. कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो.