गोळी किती उसळते? जुन्या ऐरणीच्या शोधातला एक दिवस

पहाटे पाचला निघालो तेव्हा माझ्या पिशवीत २५ मिलिमीटरची बेअरिंगची गोळी होती, शिवाय एक लहान हातोडी, बारीक दात्यांची कानस आणि सरळ पोलादी पट्टी. मागच्या हौद्यात दोन जाड फळ्या आणि बांधायचे पट्टे. गाडी मित्र चालवत होता. तो वेल्डिंगचं काम करतो, आणि त्याला मी मुद्दाम बरोबर घेतलं होतं.

चार वर्षं मी सुऱ्यांची पाती रुळाच्या तुकड्यावर घडवतोय. आडवा ठेवलेला रूळ घावागणिक थरथरायचा. तो उभा करून ठोकळ्यात रोवला, तसं सगळं वजन घावाच्या थेट खाली आलं आणि काम एकदम सुधारलं. पातं घडवायला माथा लांबरुंद लागतोच असं नाही, हातोड्याच्या तोंडाहून थोडी मोठी जागा पुरते. पण ती कठीण हवी आणि तिच्याखाली वजन हवं. हातोड्याच्या निदान पन्नासपट ऐरण, असा एक जुना आडाखा आहे. माझा हातोडा एक किलोचा, रुळाचा तुकडा तीस किलोचा.

पहिला थांबा भंगाराचं आवार. ऐरण दिसायला देखणी होती. कडा शाबूत, शिंग, म्हणजे कड्या वळवायचं पुढचं निमुळतं टोक, गुळगुळीत. माथा जितका कठीण तितकी गोळी जास्त उसळते, म्हणून मी पट्टीच्या शेजारी २५ सेंटीमीटरवरून गोळी सोडली. ती जेमतेम ८ सेंटीमीटर उसळली आणि बाजूला घरंगळली. चार ठिकाणी टाकून पाहिली, सगळीकडे तेच. मालकाला विचारून माथ्याच्या कोपऱ्यावर कानस फिरवली, तर ती लोण्यात शिरावी तशी शिरली. मग त्यांनीच सांगितलं, की ती आगीत जळालेल्या कारखान्यातून आली होती. आगीत तापून सावकाश निवली की पोलादाला दिलेलं पाणी, म्हणजे तापवून झटकन विझवून आणलेला कठीणपणा, उतरतं. ते पुन्हा देता येतं म्हणा, पण शंभर किलोचा तापलेला गोळा विझवायला पाण्याचा लोंढाच लागतो. घरच्या अंगणातलं ते काम नव्हे.

अशा मऊ ऐरणीवर हातोड्याचा एक चुकार घाव पडला की खाच पडते, आणि पुढच्या प्रत्येक तापलेल्या पात्यावर तिचा ठसा उमटतो. मग पातं घासून घासून तो काढत बसा.

दुपारी एका बंद पडलेल्या वर्कशॉपमध्ये दुसरी पाहिली. माथा आरशासारखा. मला ती लगेच आवडली. मित्र मात्र खाली वाकून कडेची रेघ बघत बसला. जुन्या घडीव ऐरणींना खाली मऊ लोखंड आणि वर पोलादाचा पत्रा जोडलेला असतो, आणि नीट पाहिलं तर त्यांचा सांधा दिसतो. "इकडे बघ," तो म्हणाला, "या टोकाला पत्रा बोटभर जाड आहे आणि त्या टोकाला नखाएवढा." कुणीतरी मिलिंग मशीनवर माथा सपाट करून घेताना अर्धं पोलादच काढून टाकलं होतं. दोन्ही कडांना वेल्डिंगचे थरही होते. गोळी मधोमध बरी उसळायची, कडेला मरगळायची. जुन्या ऐरणीचा माथा मशीनवर घासणं मला अक्षम्य वाटतं. थोडा खोलगट माथा अडचणीचा नसतोच. वाकडं पातं सरळ करताना त्या खोलीचा उपयोगच होतो.

तिसरी ऐरण एका काकांच्या शेडच्या कोपऱ्यात, पोत्यांखाली. शिंगाचं टोक तुटलेलं, एका बाजूच्या कडांचे टवके गेलेले. मित्राने माझ्याकडे पाहिलं. मी गंज पुसला तर कमरेवर अक्षरं निघाली: पीटर राइट. हे ऐरणी बनवणाऱ्याचं नाव, म्हणजे ही इंग्लंडातल्या डडलीची. खाली आकडे, १ २ १०. हे वजन जुन्या इंग्रजी हंड्रेडवेटमध्ये असतं. पहिला आकडा ११२ पौंडांचा, दुसरा २८ पौंडांचा, तिसरा सुट्या पौंडांचा. ११२, ५६ आणि १० मिळून १७८ पौंड, म्हणजे साधारण ८१ किलो.

"काका, गोळी टाकून बघू का?"

"बघा की. पण हातोडीही मारून बघा."

गोळी २० सेंटीमीटर उसळली. पुन्हा टाकली, पुन्हा तेवढीच. मग हातोडीने माथाभर टकटक केली. आवाज घंटेसारखा, आणि मला हवं होतं ते हे, की तो कुठेही मध्येच बद्द होत नव्हता. बद्द झाला असता तर खालचा सांधा सुटलाय असं समजायचं. नुसत्या खणखणाटावर मात्र जाऊ नये. अमेरिकेतल्या फिशर कंपनीच्या ऐरणींत पोलादी माथ्याच्या पत्र्यावर बिडाचं अंग ओतून जोडलेलं असतं. त्या वाजतच नाहीत, तरी उत्तम असतात.

पट्टी ठेवली तर मधोमध दोनेक मिलिमीटरची फट. मागच्या टोकाकडे वीतभर जागा सपाट. टवके फक्त लोहार उभा राहायचा त्या बाजूला, पलीकडची कड जवळपास जशीच्या तशी.

"शिंग तुटलंय, चालेल ना?" काकांनी विचारलं. मी म्हटलं, मला पाती घडवायची आहेत, कड्या नाहीत.

फळ्यांवरून सरकवत ती हौद्यात चढवली आणि पुढच्या भिंतीला टेकवून चारही बाजूंनी बांधली. अचानक ब्रेक लागला तर ८१ किलो पुढे येतात, हे परतीच्या वाटेवर एकदाही विसरता आलं नाही.

दुसऱ्या दिवशी ती लाकडी ठोकळ्यावर चढली, मूठ वळून सरळ उभं राहिल्यावर बोटांची पेरं जिथे येतात त्या उंचीवर. मी ती उलटी फिरवली आहे. चांगली कड आता माझ्याकडे. तिच्यातली चार बोटं जागा कानशीने गोलसर केली, कारण पातं आणि मुठीत जाणारं शेपूट यांच्यामधला खांदा धारदार कडेवर पाडला की तिथून तडा जातो. मागच्या टोकाखाली लोहचुंबक लावला, खणखणाट निम्म्यावर आला. पहिलं पातं घालण्याआधी एक तापलेला ठोकळा माथ्यावर ठेवून तो कोमट केला. गार ऐरण पातळ पात्यातली धग ओढून घेते.

मग भाता सुरू केला.