सेनापतीचा वाडा आम्ही काढलाच नाही

जुन्या वास्तू संगणकावर पुन्हा उभ्या करणं हे माझं काम. स्कॉटलंडमधल्या इंचटुथिलची रोमन छावणी आमच्याकडे आली तेव्हा संग्रहालयाची मागणी साधी होती: टे नदीकाठच्या पठारावर सुमारे ५३ एकरांत पसरलेली, एका अख्ख्या लीजनची, म्हणजे रोमन सैन्याच्या मोठ्या तुकडीची, नांदती छावणी भिंतभर चित्रात दाखवा.

आज तिथे तटाचे उंचवटे आणि खंदकाच्या खुणा सोडल्या तर नुसतं गवत आहे. पण १९५२ ते १९६५ या काळात इयन रिचमंड आणि सेंट जोसेफ या पुरातत्त्वज्ञांनी तिथे खणलं, आणि रोमनांनंतर कुणी तिथे गाव वसवलं नसल्यामुळे जवळजवळ सगळा आराखडा हाती लागला. बराकीच ६४, शिवाय इस्पितळ, कोठारं, कारखाना. लाकूड तर सगळं नाहीसं झालेलं, मग हे कळतं कसं? खांब रोवायला खणलेला चर बुजवला, तरी आतली माती आजूबाजूच्या मातीशी कधीच एकजीव होत नाही. त्या चराची रुंदी-खोली आणि खांबांमधलं अंतर धरून मी भिंतींची उंची ठरवत होतो. भिंती कुडाच्या, म्हणजे काठ्या विणून वर माती लिंपलेल्या. माझं आजोळ कोकणातलं, त्यामुळे कूड मला चित्रात शोधावा लागला नाही.

त्या दिवशी आम्ही खिळे पाहायला गेलो. सोबतच्या पुरातत्त्वज्ञ बाईंनी ट्रे पुढे सरकवला. चौकोनी अंगाचा, पिरॅमिडसारख्या डोक्याचा खिळा, माझ्या कोपरापासून मनगटापर्यंत लांब. डोक्यावर घणाचे पैलू अजून बोटांना लागत होते. १९६० साली कारखान्याच्या जमिनीखाली एका खोल खड्ड्यात असे लहानमोठे पावणेनऊ लाखांच्या आसपास खिळे सापडले. वर स्वच्छ खडीचा जाड थर. बाहेरचे खिळे गंजून एकमेकांना चिकटले, त्या कवचामुळे पाणी आणि हवा आत गेली नाही, आणि आतले जवळजवळ कोरे राहिले.

"हे साठवलेले नाहीत, लपवलेले आहेत," बाई म्हणाल्या. छावणी सोडून निघताना रोमनांना एवढं लोखंड वाहून नेणं शक्य नव्हतं, आणि मागे ठेवलं तर उत्तरेकडच्या टोळ्यांनी त्याची शस्त्रं केली असती.

छावणीचं बांधकाम इ.स. ८३च्या सुमारास सुरू झालं. तिथे मिळालेली सर्वांत उशिराची नाणी इ.स. ८६ची, तीही न वापरलेली. म्हणजे तीन-चार वर्षांतच सगळं गुंडाळलं. युरोपातल्या डॅन्यूब नदीकडच्या लढायांसाठी ब्रिटनमधून एक लीजन काढून घेतलं गेलं, आणि इथलं सैन्य दक्षिणेला हटलं. बराकी उकलल्या, कोरी भांडी आणि काचसामान गटारात फोडून टाकलं. आणि सेनापतीच्या वाड्याची जागा? ती सपाट करून ठेवलेली, पण पाया कधी पडलाच नाही.

संध्याकाळच्या बैठकीत संग्रहालयाचे अधिकारी म्हणाले, "मधोमध एवढी रिकामी जागा बरी दिसणार नाही. दुसऱ्या छावणीतला वाडा बसवा." मागणी गैर नव्हती, लीजनच्या छावण्या एका साच्यातल्याच असतात, आणि नमुने माझ्याकडे तयार होते. पण मला ते पटेना. मी म्हणालो, "साहेब, या छावणीचं जे खास, तेच आपण झाकून टाकतोय. असा वाडा इतर छावण्यांतही दाखवता येईल. अर्ध्यावर थांबलेली छावणी इतकी स्वच्छ आणखी कुठे दाखवणार?" बाईंनी माझी बाजू घेतली. वाद तासभर चालला. शेवटी ते म्हणाले, "ठीक आहे, पण मग त्या चित्रात काहीतरी घडत असलं पाहिजे."

घडण्यासारखं भरपूर होतं. आम्ही नांदती छावणी सोडली आणि निघण्याचे दिवस घेतले. एका रांगेतल्या बराकींची छपरं उतरवलेली, दुसरीत खांब उपटणारे शिपाई, गटाराकाठी फुटलेल्या भांड्यांचा खच, कारखान्यात खड्ड्याकाठी खिळ्यांनी भरलेल्या टोपल्या. कोणती बराक आधी उतरवली हे मातीतून कळत नाही, म्हणून तो क्रम आमचा अंदाज आहे, असं चित्राखालच्या पाटीवर लिहायला लावलं. वाड्याची जागा मोकळी ठेवली. तिथे फक्त सपाट केलेली जमीन आहे.