दोन लाख पौंडांचं घर

इस्टेट एजंटच्या काचेतला घराचा फोटो कायम जूनमधला असतो. निळं आकाश, दाराशी हायड्रेंजिया, मागे काडेर इद्रिसचा डोंगर, तोही ढगांविना. खाली किंमत, समजा दोन लाख पौंड. वायव्य वेल्समधल्या डोल्गेथ्लायसारख्या बाजारगावात हा आकडा वाचला की लगेच विचारायचं: कुणासाठी?

राहायला येणाऱ्यासाठी खरोखरच दोन लाख. वेल्समध्ये 2018 पासून स्टॅम्प ड्यूटी नाही, वेगळा जमीन-व्यवहार कर आहे, आणि एकुलत्या एका घराला तो सव्वादोन लाखांपर्यंत शून्य. हेच घर दुसरं म्हणून घेतलं, तर डिसेंबर 2024 पासूनच्या दरांनी पहिल्या 1 लाख 80 हजारांवर 5 टक्के, उरलेल्या वीस हजारांवर साडेआठ. एकूण 10,700 पौंड. शिवाय इथली स्थानिक संस्था, ग्विनेद कौन्सिल, अशा घरांच्या कौन्सिल टॅक्सवर (आपल्या घरपट्टीसारखा कर) दीडशे टक्के अधिभार लावते, म्हणजे शेजाऱ्याच्या अडीचपट बिल. ते चुकवायला घर पर्यटकांना द्यायचं, तर एप्रिल 2023 पासून वर्षातले 182 दिवस ते प्रत्यक्ष भाड्याने गेलेलं लागतं. पूर्वी 70 दिवसांत भागायचं. फेब्रुवारीतल्या पावसात गिऱ्हाईक आणायचं कुठून?

कर योग्यच आहे, पण त्याने गावातल्या पोरांना घर परवडतं असं नाही. शेत, शाळा, केअर होम, दुकान इथल्या पगारावर मिळणारं कर्ज एकीकडे आणि दक्षिण इंग्लंडमधलं घर विकून आलेली रोकड दुसरीकडे; भाव ठरतो तो रोकडीवर. सुट्टीचं घर ओळखायला मात्र कागद लागत नाहीत. दाराशेजारी आकड्यांच्या कुलपाची किल्लीची डबी दिसते. आणि कचऱ्याचा डबा चुकीच्या आठवड्यात बाहेर असतो, कारण पुनर्वापराचा वेगळा काढून उरलेला कचरा इथे तीन आठवड्यांतून एकदाच उचलतात, हे पाहुण्यांना कोण सांगणार?

आपल्याकडे कार्पेट एरिया विचारतात. तिथे बेडरूम मोजतात. तिसरी बेडरूम बऱ्याचदा एक पलंग मावला की भरते. त्यापेक्षा भिंती बघाव्यात. जुन्या घरांच्या दगडी भिंती दीड-दोन फूट जाड, आत पोकळी नसलेल्या, चुन्यात बांधलेल्या. त्या ओल पितात आणि चुन्याच्या सांध्यांतून बाहेर सोडतात. कुणीतरी हौसेने त्याच सांध्यांत सिमेंट भरतं. मग पाणी आत शिरतं पण बाहेर पडू शकत नाही, आणि आतल्या प्लास्टरला तपकिरी डाग पडतात. त्यावर ओल-प्रतिबंधक रसायनं टोचून घेण्याआधी पन्हळ तुंबलीय का ते पाहावं, बाहेरची जमीन आतल्या फरशीपेक्षा निदान 15 सेंटिमीटर खाली आहे ना ते मोजावं, आणि सिमेंट खरवडून पुन्हा चुना भरावा. घर संरक्षित यादीत असेल (या गावात तशा इमारती दोनशेच्या वर आहेत) तर असल्या कामाआधी परवानगीचं विचारून घ्यावं. खिडक्या बदलायच्या तर ती लागतेच.

छपराची स्लेट (पातळ दगडी पाटी) शंभर वर्षं सहज टिकते. गंजतो तो खिळा. एखादी पाटी घसरली तर शिशाच्या पट्टीने अडकवून भागतं. ठिकठिकाणी अशा पट्ट्या लोंबताना दिसल्या, तर खिळे सगळीकडेच संपलेत असं समजावं आणि छप्पर उतरवून पुन्हा घालण्याचा खर्च ऑफरमधून वजा करावा. स्लेट बहुतेक तीच पुन्हा वापरता येते.

गॅसची पाइपलाइन न पोचलेल्या घरांत घर गरम ठेवणाऱ्या बॉयलरसाठी बऱ्याचदा केरोसीनची टाकी असते. बहुतेक पुरवठादार 500 लिटरच्या खाली ऑर्डर घेत नाहीत, आणि टाकी कोरडी पडली तर नळीत हवा शिरते, तळाचा गाळ फिल्टरमध्ये येतो, बॉयलर बंद. हे हमखास कडाक्याच्या थंडीत होतं, कारण तेव्हाच तेल जास्त जळतं.

ऑफर मंजूर झाली म्हणून पडदे शिवायला टाकू नयेत. करारांची अदलाबदल होईपर्यंत, म्हणजे बहुधा दोन-तीन महिने, दोन्ही बाजू मोकळ्या असतात. एकाचं घर विकलं की तो दुसऱ्याचं घेणार, अशी साखळी असते; विकणाऱ्याचं पुढचं घर फिसकटलं की त्यातली सगळीच घरं अडकतात, आणि घर तपासून घेण्याच्या सर्व्हेचे पैसे गेले ते गेलेच.

घर बघायला जायचं ते नोव्हेंबरात, पाऊस चालू असताना. बॅटरी घेऊन पोटमाळ्यावर चढावं, चिमणीभोवतीच्या लाकडाला हात लावून पाहावा, आणि खाली आल्यावर विकणाऱ्याकडे गेल्या दोन हिवाळ्यांची तेलाची बिलं मागावीत.